आक्कांची गाडी

आक्का विमानाला गाडी म्हणत. "गाडी लागली का?" "गाडीत पाणी भरलं का?" "गाडी कवा सुटणार?" असंच त्यांचं सगळं बोलणं. एकदा दिल्लीहून तपासणीसाठी एक साहेब आले होते. आक्का त्यांना म्हणाल्या, "पावणं, आधी च्या घ्या, मग गाडी बघा. गाडी काय पळून चालली न्हाय." साहेबांना मराठी जेमतेम समजायचं. चहा झाल्यावर ते उठले आणि बाहेर उभ्या असलेल्या आमच्या जीपपाशी जाऊन तिच्याभोवती फेरी मारायला लागले. आक्का खिडकीतून बघत होत्या. मला म्हणाल्या, "बघू दे की. तीबी आपलीच हाय."

कोल्हापुरातून सहलीची विमानं सोडणारी एक लहानशी कंपनी होती, हे आता फार लोकांना आठवत नाही. ती कंपनी आक्कांची. मी तिच्यात बरीच वर्षं काम केलं. आता ती दुसऱ्यांच्या हातात आहे, नाव बदललंय, रंग बदललाय. आक्का कळंब्याला तळ्याच्या बाजूला राहतात आणि विमानाचा आवाज आला तरी मान वर करत नाहीत. त्यांच्याबद्दल लोक मला अजून विचारतात, आणि प्रत्येकजण विचारतो ते एकाच गोष्टीबद्दल. ती सांगेनच. पण तेवढ्यावरून आक्का कळायच्या नाहीत.

त्यांचं माहेर शिरोळकडचं, जैन शेतकऱ्याचं. कन्नड मुलुख जवळ, म्हणून थोरल्या बहिणीला आक्का, तीच हाक पुढे सगळ्या गावाची झाली. लग्न होऊन त्या कोल्हापुरात आल्या. लक्ष्मीपुरीत नवऱ्याचं बियाणांचं दुकान होतं. नवऱ्याला सगळे अण्णा म्हणायचे. आक्का दुकानात बसायच्या, पण एका जागी बसणं त्यांच्या जिवाला मानवायचं नाही. एकदा गल्लीतल्या बायकांना घेऊन त्या श्रवणबेळगोळला गेल्या. पुढच्या वर्षी दुसरी गल्ली म्हणाली, आम्हालाही न्या. असं करत करत त्यांच्या दोन बस झाल्या.

विमानाचं खूळ एका म्हातारीमुळे डोक्यात शिरलं. रात्रभर बसमध्ये बसून तिचे पाय इतके सुजले की श्रवणबेळगोळच्या डोंगराच्या पायथ्याशी ती खाली बसली आणि रडायला लागली. डोलीत बसायचीही तिला ताकद उरली नव्हती. सगळे वर जाऊन दर्शन घेऊन आले, ती पायथ्यालाच राहिली. आक्का तिच्यापाशी बसून होत्या. परत आल्यावर त्या अण्णांना म्हणाल्या, "एवढ्या लांब न्यायचं आनि दारात नेऊन दमवायचं, ह्याला काय अर्थ हाय? उडवत न्यायला पायजे." अण्णांना वाटलं, थट्टा करते आहे.

पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्यांच्या विमानात एकगठ्ठा जागा घेतल्या. मग एका दिवाळीला बंगळूरच्या एका कंपनीचं अख्खं विमान भाड्यानं आणलं. मग एकोणीस जणांचं एक विमान कायमचं भाडेकरारावर घेतलं, आणि काही वर्षांनी नऊ जणांचं दुसरं. थोरलं आणि धाकटं. थोरलं म्हैसूर, कोची, उदयपूर अशा सहलींना जायचं. धाकटं रविवारी कोल्हापूरवरून फेऱ्या मारायचं.

मी मूळची शिवाजी पेठेतली. स्टेशन रोडवर एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचं काम करायचे. आक्का तिथं जागा घ्यायला यायच्या. एकदा मी त्यांना म्हटलं, "आक्का, हे विमान घेऊ नका, बंगळूरला उतरून दुसरं पकडायला वेळच राहत नाही, म्हाताऱ्या माणसांची धावपळ होईल." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एजन्सीचे मालक बाजूलाच बसले होते. त्यांच्यादेखत आक्का मला म्हणाल्या, "उद्यापास्नं माझ्याकडं ये."

"तुमच्याकडे काम काय?"

"ते तूच बघ की. मला तरी कुटं ठावं हाय."

नंतर मी परीक्षा दिल्या आणि विमान सोडण्याआधी हवामान, इंधन आणि वजनं बघायचं काम माझ्याकडे आलं.

वजनाची मोठी गंमत असायची. लहान विमानात कोण किती वजनाचा आणि कुठे बसला हे बघावंच लागतं. माणसं आपलं वजन खरं सांगत नाहीत. बायका कमी सांगतात, आमच्या पेठेतले पैलवान जास्त सांगतात. आक्कांनी अण्णांच्या दुकानातला वजनकाटा मागवून विमानतळावर आमच्या टेबलापाशी ठेवला. पहिल्या दिवशी एकही बाई त्यावर पाय ठेवेना. मग आक्का स्वतः चढल्या, काट्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपलं वजन सांगून टाकलं. ते चांगलंच भरघोस होतं. त्यानंतर एकेक करून सगळ्या चढल्या. पुढे दर सहलीला आक्का आधी चढायच्या, मग बाकीचे. एकदा तालमीतले सहा पैलवान गोव्याला फुटबॉलची मॅच बघायला निघाले. आमचे वैमानिक, कॅप्टन, म्हणाले, ह्या सहांना नेतो, पण शेजारच्या खुर्च्या रिकाम्या पाहिजेत. आक्कांनी लगेच तेवढ्या जागा सोडल्या. वर पैलवानांना बजावलं, "जाताना बसला तसंच येताना बसायचं. गोव्यात वाढून येऊ नकासा."

कोल्हापुरात जन्म घालवून आक्कांनी कधी चामड्याची चप्पल पायात घातली नाही. कापडी बूट आणि सुती साडी, हा त्यांचा वेष. थोरलं विमान आलं तेव्हा त्याच्या खुर्च्यांना चामड्याची आवरणं होती. आक्का दारातून आत गेल्या, हात लावून बघितला आणि तशाच मागे फिरल्या. म्हणाल्या, "काढून टाका." विमानातलं कापडसुद्धा जळू नये असं लागतं, त्याला परवानगी लागते, तपासण्या लागतात. तोवर विमान नुसतं उभं राहिलं. पण कापड बदलल्याशिवाय आक्कांनी एकही माणूस आत बसवला नाही.

खाण्याचंही तसंच. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आणि जेवण दिवस मावळायच्या आत. आमचं सगळं वेळापत्रक त्या एका गोष्टीवर बेतलेलं होतं. विमान उन्हातच घरी आलं पाहिजे, कारण प्रवाशांतल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांना सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा चालत नाही. बाकीच्या निम्म्यांची तक्रार असायची. एकदा कागलकडचे एक शेतकरी कांद्याशिवायचं, बटाट्याशिवायचं ताट बघून म्हणाले, "आक्का, सहलीला निघालोय आमी, उपासाला न्हवं."

आक्का म्हणाल्या, "वर हाय तवर माझं खावा. खाली उतरलं की तुमचं तुमी."

पण एक होतं, त्या कुणालाही हिरमुसलं परत येऊ देत नसत. "गाडी रिकामी गेली तरी चालंल, माणूस रिकाम्या मनानं येता कामा न्हाय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ज्या म्हातारीमुळे हे सगळं सुरू झालं तिला त्यांनी म्हैसूरच्या पहिल्या फेरीत पुढच्या खुर्चीवर बसवून नेलं. त्या वेळी ती डोलीतून वर गेली. परत येताना ती सबंध वाटभर झोपली होती आणि आक्का तिचा पदर पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून धरून बसल्या होत्या.

रविवारच्या फेऱ्या वेगळ्याच. अर्धा तास वरून कोल्हापूर बघायचं. रंकाळा, पन्हाळा, पंचगंगेचं वळण, कळंब्याचं तळं. पण लोकांना त्यातलं काही नको असायचं. प्रत्येकाला आपलं घर आणि आपलं रान बघायचं असायचं. दोन सख्ख्या भावांचा बांधावरून वाद चालला होता. कोर्टात बरीच वर्षं गेली होती. कुणीतरी सुचवलं म्हणून दोघे धाकट्या विमानातून आपलं रान बघायला आले, एक डाव्या खिडकीपाशी, एक उजव्या. आक्कांना फार आशा होती. मला म्हणाल्या, "वरनं बघितलं की कळंल, केवढंसं हाय ते. भांडण मिटंल बघ." विमान उतरलं. थोरला भाऊ जिना उतरून सरळ आमच्याकडे आला आणि म्हणाला, "वरनंबी बघितलं. बांध त्याच्याच बाजूनं सरकलाय." मागून धाकटा ओरडला, "खोटं बोलालाय." दोघे तसेच भांडत रिक्षापर्यंत गेले. आक्का रिक्षा वळेपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "गाडीचा दोष न्हाय तो."

अण्णा रोज दुपारी स्कूटरवरून आक्कांचा डबा घेऊन विमानतळावर यायचे. शांत माणूस. डबा द्यायचे, पाच मिनिटं बाकावर बसायचे, विमान उभं असलं तर त्याच्याकडे बघायचे आणि जायचे. एकदाच ते विमानात बसले, उदयपूरला जाताना. बसल्या बसल्या खिडकीचा पडदा ओढला आणि झोपले ते थेट उतरताना जागे झाले. कसं वाटलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "वारं गार हाय आत. बरं हाय." आक्कांनी ती गोष्ट वर्षभर सगळ्यांना सांगितली. सांगताना रागवायच्या, पण त्यांच्या तोंडावर रागाचं काही नसायचं.

आमचे मुख्य वैमानिक साताऱ्याकडचे. हवाई दलातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. आम्ही त्यांना नुसतं कॅप्टन म्हणायचो. आमच्याकडे बायका स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी गेलतो' असं बोलतात, ते ऐकून सुरुवातीला कॅप्टन चमकायचे. फोनवर आक्का "मी निघालो" म्हणाल्या की त्यांना वाटायचं अण्णा बोलताहेत. पुढे त्यांना सवय झाली. आक्कांना कॅप्टनबद्दल आदर होता, पण धाकही होता, आणि ज्याचा धाक वाटतो त्याच्यावर माणूस कधीतरी ओरडतंच.

त्या वर्षी पाऊस लवकर आला. कोचीहून विमान परत येणार होतं. त्यात एक मुलगी होती, तिचा त्याच संध्याकाळी साखरपुडा होता. तिचे वडील दुपारपासून उजळाईवाडीला, आमच्या विमानतळावर, येऊन बसले होते आणि दर थोड्या वेळानं आक्कांना विचारत होते. गगनबावड्याच्या बाजूनं ढग आला आणि पन्हाळ्यापासून इकडं सगळं पांढरं झालं. विमानाचा आवाज डोक्यावर ऐकू आला, दिसलं काहीच नाही. कॅप्टननी एकदा प्रयत्न केला, परत वर गेले आणि बेळगावला जाऊन उतरले.

थोड्या वेळानं कोल्हापूरवर जरा उजेड झाला. मुलीचे वडील म्हणाले, "आता तर स्वच्छ हाय की." आक्कांनी बेळगावला कॅप्टनना फोन लावला.

"कॅप्टन, हितं ऊन पडलंय. या परत."

"पश्चिमेकडून अजून येतोय, आक्का. मी आज निघत नाही."

"अवो, पोरीचा साखरपुडा हाय."

"कळतंय मला. बस करून देतो."

आक्कांचा तोल गेला. "गगनबावड्याच्या घाटात धुक्यातनं एस.टी. काढतंय माणूस, आनि तुमास्नी सपाट रानात गाडी उतरवता ईना?"

 मग कॅप्टन म्हणाले, "मग त्या एस.टी.च्या ड्रायव्हरला बोलवा," आणि फोन ठेवला. थोड्याच वेळात माझ्या फोनवर त्यांचा संदेश आला. राजीनामा दिला होता. मुख्य वैमानिक नसला तर आमची परवानगीच थांबते. मी संदेश आक्कांना वाचून दाखवला.

आक्का खुर्चीवर बसल्या. मुलीचे वडील काही बोलायला लागले तर त्यांना हातानं थांबवलं. मग एकदम उठून म्हणाल्या, "स्वयंपाक करायला सांग. तिकडं त्या लोकांची जेवणं दिवस मावळायच्या आत व्हायला पायजेत." डबे भरले. आम्ही तिघे, आक्का, मी आणि मुलीचे वडील, मोटारीनं बेळगावला निघालो. 

बेळगावच्या विमानतळाबाहेर आमची माणसं बसली होती. आक्कांनी पदर खोचला आणि स्वतः वाढायला लागल्या. सगळ्यांची जेवणं उजेडात झाली. कॅप्टन बाजूला उभे होते. सगळ्यांचं वाढून झाल्यावर आक्का त्यांच्यापुढे गेल्या आणि प्रवाशांच्या समोरच हात जोडले.

जैनांत वर्षातून एक दिवस असतो, त्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागायची. आक्का त्या दिवशी आमच्या प्रत्येकाला फोन करायच्या, झाडू मारणाऱ्या मावशींनाही. कॅप्टनना ते ठाऊक होतं.

"क्षमावणीला अजून लई अवकाश हाय," आक्का म्हणाल्या. "तवर थांबत न्हाय. चुकलं माझं."

कॅप्टननीही हात जोडले. "माफ केलं, आक्का. पण राजीनामा राहू दे."

"का?"

"तुम्ही परत ओरडणार. तुमचा स्वभाव आहे तो. मी ऐकणार नाही, पण माझ्या जागी उद्या एखादा तरुण असेल. तो तुमच्या भीतीनं ऐकेल."

आक्का खाली बघत राहिल्या.  मग त्यांनीच विचारलं, "काय करू म्हंजे ऱ्हाशिला?"

"हवामान खराब असेल त्या दिवशी माझ्याशी बोलायचं नाही. विमान निघायचं की नाही ते मी आणि ही ठरवू," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "त्या वेळी मला मालक नसतो."

"बरं," आक्का म्हणाल्या. "न्हाय बोलणार."

मुलीचा साखरपुडा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. कॅप्टनना नवऱ्या मुलाच्या वडिलांनी मुद्दाम शेजारी बसवून घेतलं.

आक्कांनी शब्द पाळला. आभाळ भरून आलं की त्या आमच्या खोलीतून उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसायच्या. आतून फोनवर बोलणं ऐकू येऊ नये म्हणून शेजारच्या रिक्षावाल्यांशी मोठ्यानं गप्पा मारायच्या. रिक्षावाले म्हणायचे, आक्का गप्पा मारायला आल्या म्हणजे आज पाऊस नक्की.

मधल्या काळात मुंबईची काही माणसं आली. मोठं विमान घेऊ, पुणे-हैदराबाद करू, रात्रीच्या फेऱ्या काढू म्हणाली. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रातच्याला लोक जेवणार कवा?" त्या माणसांना वाटलं, बाई चेष्टा करते. त्या चेष्टा करत नव्हत्या. बोलणं तिथंच संपलं.

आता लोक विचारतात ती गोष्ट.

पावसाळ्यात आम्ही थोरल्या विमानाच्या सहली बंद ठेवायचो. त्याआधीची शेवटची, म्हैसूर आणि श्रवणबेळगोळची. आक्का स्वतः लोकांबरोबर गेल्या होत्या. परत यायच्या दिवशी सकाळी मी उजळाईवाडीला होते. पाऊस पडत होता. समोरची धावपट्टीसुद्धा धड दिसत नव्हती.

दुकानाच्या शेजाऱ्याचा फोन आला. अण्णा दुकान उघडून खुर्चीवर बसले आणि बसल्या जागीच गेले. डॉक्टर येऊन गेले होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी आधी कॅप्टनना फोन केला. ते म्हैसूरला हॉटेलात होते. मी त्यांना अण्णांचं सांगितलं आणि मग इकडचं हवामान सांगितलं. बेळगावही बंद होतं. कॅप्टननी एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतली. ढग किती खाली आहे, वारा कुठला, कमी होण्याचं काही लक्षण आहे का. मी सांगत गेले. शेवटी ते म्हणाले, "तुझं काय मत?"

"मी सोडणार नाही," मी म्हटलं.

"मीही निघणार नाही," ते म्हणाले.

मग मी आक्कांना फोन केला.

"आक्का, अण्णा..."

"गेले?"

"हो."

त्यांच्या मागे हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी हसत होतं.

"दुकानात व्हय?"

"हो. खुर्चीवर बसल्या बसल्या."

"तरास झाला?"

"डॉक्टर म्हणाले, नाही झाला."

 मी लगेच पुढचंही सांगून टाकलं. "आक्का, गाडी सुटणार नाही. इकडं काही दिसत नाही. बेळगावही बंद आहे. आम्ही दोघांनी ठरवलंय."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी एकदाही विचारलं नाही, थोड्या वेळानं जमेल का, दुसरीकडे कुठं उतरता येईल का. म्हणाल्या, "माझ्यासाठी थांबू नकासा. दिवस मावळायच्या आत उरकून घ्या. पुतण्याला म्हणावं, तूच कर सगळं. मी रस्त्यानं निघतो." आणि फोन ठेवता ठेवता, "हितल्या लोकांस्नी एवढ्यात सांगत न्हाय. त्यांची जेवणं व्हायची हायत."

कॅप्टननी पुढचं मला सांगितलं. ते हॉटेलच्या दारात उभे होते. आक्का पिशवी घेऊन बाहेर आल्या. कॅप्टन पुढे झाले. आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं, हात जोडले आणि काही न बोलता मोटारीत जाऊन बसल्या. दिवस खराब हवामानाचा होता आणि त्यांनी शब्द दिला होता.

दुपारी पंचगंगेच्या घाटावर सगळं झालं. मला जाता आलं नाही, मी विमानतळावरच होते. आणि सगळं उरकल्यावर थोड्याच वेळात पाऊस थांबला. वारा फिरला, ढग वर गेला, जोतिबाचा डोंगर लख्ख दिसायला लागला. बेळगावही उघडलं. मी कॅप्टनना कळवलं. ते माणसांना घेऊन निघाले आणि ऊन असतानाच उजळाईवाडीला उतरले. आक्का तेव्हा कुठंतरी दावणगेरेच्या आसपास रस्त्यावर होत्या. मी त्यांना फोन केला नाही. काय सांगणार होते?

गावात पुष्कळ बोललं गेलं. स्वतःचं विमान असून नवऱ्याचं तोंड बघायला मिळालं नाही, असं लोक म्हणाले. भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी आक्कांच्या तोंडावरच म्हटलं, "जरा वाट बघितली असती तर?" मी तिथंच बसले होते. आक्का म्हणाल्या, "ढग जाणार हाय हे कुणाला ठावं होतं? ठावं नव्हतं म्हणून तर रस्त्यानं निघालो."  त्या दिवशी कॅप्टनही आले होते. ते बराच वेळ मान खाली घालून बसले. आक्कांनी त्यांना चहा दिला आणि पावसाळ्यानंतरची पहिली सहल कधी काढायची ते विचारलं. पुढे त्यांनी आणखी काही वर्षं कंपनी चालवली. ती विकली तेव्हा कॅप्टन त्यांच्याबरोबरच निवृत्त झाले.

पण मला जास्त आठवते ती त्या दिवसानंतरची सकाळ. विमानातून आलेल्या माणसांना उतरल्यावर मी अण्णांचं सांगितलं होतं, ती आदल्या संध्याकाळी आपापल्या घरी न जाता विमानतळावरून सरळ आक्कांच्या घरी गेली होती. रात्री घरी गेली आणि उजाडायच्या सुमाराला पुन्हा आली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मी पोचले तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंना ती उभी होती, काही पायऱ्यांवर बसली होती. कागलकडचे ते शेतकरीही त्यात होते.

वाटेत ओढ्याला पाणी आल्यानं रात्री अडकलेली मोटार आली. आक्का उतरल्या. साडी चुरगळलेली, कापडी बूट चिखलानं भरलेले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. चेहरे ओळखीचे होते, पण इथं ते कसे, हे त्यांना लगेच उमगलं नसावं.

"सगळी पोचलासा न्हवं नीट?" त्यांनी विचारलं.

"पोचलो, आक्का," एक म्हातारी बाई म्हणाली.

"कवा?"

त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काल. दिवस मावळायच्या आत."

आक्कांनी ते ऐकलं. त्यांना सगळं समजलं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी मान हलवली, दोनदा. मग दाराच्या पायरीवर खाली बसल्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो त्यांनी घेतला, पण पाणी प्यायल्या नाहीत, तसाच मांडीवर धरून बसल्या.  आतून पुतण्या बाहेर आला आणि त्यांच्यापाशी उभा राहिला.

"बस हितं," आक्का त्याला म्हणाल्या. "काय काय झालं सांग मला. पयल्यापास्नं सांग. मी नव्हतो."

तो त्यांच्या शेजारी पायरीवर बसला आणि अण्णांनी काल सकाळी दुकान उघडलं तिथपासून सांगायला लागला.